सलामीला हळू, धोक्याला जोरात

७ ऑक्टोबर

आजपासून मी सुरक्षाप्रमुख. जुन्या लढाऊ विमानांच्या मंडळाने आज माझी एकमताने निवड केली. एकमताने म्हणजे, मी हो म्हटल्यावर कोणी नाही म्हटलं नाही. आधीचे सुरक्षाप्रमुख मुलाकडे राहायला गेले. जाताना खुर्ची, शिट्टी आणि लाल झेंडा एवढं मागे ठेवून गेले. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यासारखा तांत्रिक माणूस आम्हाला हवाच होता." अध्यक्षांचा फरशीचा कारखाना आहे आणि बोलणंही तसंच गुळगुळीत, पण खरं ते खरं. उभी हयात मी लिफ्टची तपासणी केली. माझ्या सहीशिवाय या शहरात कोणी पहिल्या मजल्यावर गेलं नाही. जिना चढून गेले असतील तर गोष्ट वेगळी.

घरी येऊन हिला सांगितलं. आमच्या सौभाग्यवतींना आनंद झाला तरी तो बाहेरून ओळखू येत नाही.

"विमानातलं तुम्हाला काय कळतं?"

"लिफ्ट वर जाते, खाली येते. विमान वर जातं, खाली येतं."

"लिफ्टला दोर असतो."

"विमानाला चालवायला भावोजी आहेत."

यावर ती उठून भाजी निवडायला गेली. पटलं असावं. या क्षणापासूनची हकिकत नोंदवून ठेवायची असं ठरवलं आहे. पुढेमागे कोणी मंडळाचा इतिहास लिहायला बसलं तर बिचाऱ्याला शोधाशोध नको.

१३ ऑक्टोबर

पहिली बैठक. मंडळाकडे विमानं बरीच, पण उडणारं एकच. बाकीची नुसती उभी असतात आणि त्यांच्या पंखांवर बसून लोक फोटो काढतात. उडणाऱ्या विमानाला सगळे 'मावशी' म्हणतात. एका इंजिनाचं, नाकावर भलामोठा पंखा असलेलं लढाऊ विमान. कुठल्याशा लढाईत होतं म्हणे. कुठल्या, ते अध्यक्ष दर वर्षी वेगळं सांगतात. वर्षातून एकदा, गावाबाहेरच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर मावशी कसरती करते. उडवतात माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. हवाई दलातून निवृत्त झाले त्याला जमाना झाला. वय बहात्तर. "मावशी आणि मी एका वयाचे," असं ते सांगतात. यात मावशीचं वय कमी सांगितलेलं असतं.

मी सुरुवातीलाच सुरक्षेवर चार शब्द बोललो. उदाहरण वजनदार हवं म्हणून लिफ्टच्या घंटेची गोष्ट सांगितली. ही माझी ठेवणीतली गोष्ट. ताईकडे पाहुणे आले की ती मला हटकून सांगायला लावते. एका इमारतीच्या लिफ्टमध्ये धोक्याची घंटा होती. रहिवाशांना सवय लागली, सामान जास्त असलं की घंटा दाबायची, मग वॉचमन पिशव्या उचलायला येणार. सोय झाली, सगळे खूश. एक दिवस एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले. घंटा दाबताहेत, दाबताहेत. खालून वॉचमन ओरडतोय, "आलो हो, चहा संपवून येतो. पिशव्या किती आहेत?" आत आजोबांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि बाहेर हा बशीत फुंकर घालतोय. ती लिफ्ट मी तिथल्या तिथे बंद केली आणि शेरा मारला, 'धोक्याची घंटा ज्यांनी हमालीला लावली, त्यांनी जिने चढावेत.' बैठकीत हशा पिकला. भावोजी तर डोळे पुसत हसले.

मग वायरलेसचा विषय निघाला. मागे कोणीतरी मावशीत नवा वायरलेस बसवला होता. तो अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपायचा, मूळ रूपाला बट्टा लागतो म्हणून. यंदा तो काढून त्या जागी त्या काळचा अस्सल बसवला आहे. दिसायला देखणा आहे. चालत नाही.

"मग वरच्या माणसाशी बोलायचं कसं?" मी विचारलं. प्रश्न विचारणं हे माझं कामच आहे.

"बोलायचंय काय त्यात?" भावोजी म्हणाले. "आणि लाल झेंडा आहेच की."

लाल झेंड्याचा नियम मंडळाच्या स्थापनेपासूनचा. सुरक्षाप्रमुखाने धावपट्टीच्या कडेला उभं राहून झेंडा हलवला, की पायलटने हातातलं सोडून उतरायचं. सलामीची प्रथा कशी पडली तेही आज कळलं. पहिल्याच वर्षी आधीचे प्रमुख कशाला तरी घाबरले आणि त्यांनी झेंडा हलवला. भावोजींना वाटलं, स्वागत करताहेत. ते वळून आले, लोकांच्या डोक्यांवरून इतके खाली गेले की टोप्या उडाल्या, आणि कॉकपिटमधून हात वर करून त्यांनी सलाम ठोकला. टाळ्यांनी मैदान दणाणलं. तेव्हापासून दर वर्षी शेवटी सुरक्षाप्रमुख झेंडा हलवतात आणि मावशी सलामीला येते. तिकिटं त्यावरच खपतात. आधीचे प्रमुख बिचारे कशाला घाबरले होते, ते आता कोणाला आठवत नाही.

२० ऑक्टोबर

मावशीची तपासणी केली. हँगरमध्ये मंडळाचा मेकॅनिक होता. खिशात कायम पाना असतो म्हणून त्याला सगळे 'पाना'च म्हणतात. आनंदी माणूस. मावशीच्या पोटाखाली घमेलं ठेवलेलं आणि त्यात तेल ठिबकत होतं. मी चेहरा गंभीर केला.

"साहेब, ठिबकतंय तोवर काळजी नाही," पाना म्हणाला. "ठिबकायचं थांबलं की समजायचं, संपलं."

मुद्दा बिनतोड होता. सुटे भाग मिळतात का, असं विचारलं. बनवणारा कारखाना कधीच बुडाला, त्यामुळे जिथून जे मिळेल ते. तेलाची एक नळी ट्रॅक्टरची आहे.

"बसते का नीट?"

"बसवली," पाना म्हणाला.

लिफ्टच्या दोराचा एक पीळ जरी तुटलेला दिसला, तरी मी लिफ्टला कुलूप ठोकायचो. लोक शिव्या घालायचे, तरी ठोकायचो. पण लिफ्टला काही इतिहास नसतो. मावशीला आहे, असं अध्यक्ष म्हणतात.

तपासणीची पद्धत सुटसुटीत आहे. विमान ठीक आहे, असं भावोजी सांगतात. भावोजी ठीक आहेत, असं मंडळाचे डॉक्टर सांगतात. डॉक्टर कातडीचे आहेत. त्यांनी भावोजींचे तळहात उलटसुलट करून पाहिले, मानेवरचा तीळ जुनाच ना असं विचारलं आणि म्हणाले, "ठणठणीत."

२६ ऑक्टोबर

दुपारी ताई आली. न कळवता आली, म्हणजे काहीतरी होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अरे, त्यांना नीट दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. चहा ओततात तो कपाबाहेर. मी मोठी बशी आणली, तर आता बशीच्याही बाहेर."

"विमानात कुठे चहा ओतायचा असतो, ताई?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी मी काही फोडून आलो की अशीच बघायची. म्हणाली, "तुला थांबवता येतं ना त्यांना? आता अधिकार तुझ्याकडे आहे ना?"

अधिकार आहे, असं मी सांगितलं. थोडं समजावूनही सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"बंदी नको घालूस. बंदी घातलीस तर ते माणसातून उठतील. वर्षभर त्या एका दिवसाच्या जिवावर सकाळी उठतात, दाढी करतात. त्यांना उडू दे. पण तिथे काही वावगं दिसलं, तर तेवढं खाली उतरव. माझा एकच नवरा आहे."

"अगं, त्यासाठीच तर लाल झेंडा आहे. झेंडा दिसला की उतरलंच पाहिजे. पहिला नियम."

"त्यांना दिसेल?"

ही अडचण होती. मंडळाचा झेंडा टॉवेलएवढा, तोही धुऊन धुऊन गुलाबी पडलेला. मी म्हटलं, मोठा हवा खरा. ताई लगेच म्हणाली, "मी शिवते."

ताई प्रदर्शनाला कधीच येत नाही. तो आवाज तिला सहन होत नाही. त्या दिवशी ती घराची खिडक्यादारं लावून मोठ्याने रेडिओ लावते. त्यामुळे सलामीचं वगैरे तिला काही ठाऊक नाही, आणि मीही सांगत बसलो नाही. आधीच घाबरलेलं माणूस, त्याला आणखी तपशील कशाला.

३ नोव्हेंबर

झेंडा आला. काय झेंडा शिवलाय. ताईने त्यांच्या निजायच्या खोलीचे दोन्ही लाल पडदे काढले आणि जोडून एक केले. कडेने दुहेरी टीप, कोपऱ्यांना आतून कापड. बांबूला लावून अंगणात हलवला तर शेजारचे बघायला आले. एका हाताने पेलत नाही, दोन्ही हात लागतात.

ही दारात उभी राहून बघत होती.

"एवढा मोठा कशाला?"

मी तिला सगळं सांगितलं. सलामी, टोप्या उडतात ते, टाळ्या.

"मग खरंच थांबवायचं असलं तर?"

"तर लाल झेंडा."

"हाच?"

"हाच. पण जोरात. सलामीला हळू, धोक्याला जोरात."

"हे त्यांना माहीत आहे?"

मी म्हटलं, हवाई दलातला माणूस आहे, हळू आणि जोरात यातला फरक त्याला सांगावा लागत नाही. ही "बरं" म्हणाली. हिचं बरं म्हणजे काय, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला उलगडलेलं नाही.

९ नोव्हेंबर

रंगीत तालीम. झेंड्याचा पराक्रम काय वर्णावा. मावशी लांब टेकडीवर मुंगीएवढी होती तेव्हा मी झेंडा उचलला, तर लगेच तोंड फिरवून ती माझ्याकडे. डोक्यावरून गेली तेव्हा माझी टोपी उडाली, आणि कॉकपिटमध्ये भावोजींचा हात वर. गंमत म्हणून मी पुन्हा हलवला. पुन्हा आले. उतरल्यावर म्हणाले, "आता कसं, झेंडा वाटतो. मागचा तर हातरुमाल होता. यंदा तू बोलवशील तितक्यांदा येतो." अध्यक्ष इतके खूश झाले की जाहिरातीत त्यांनी 'भव्य सलामी' असं घालायला सांगितलं.

उतरताना मावशीची एक बाजू तेलाने चकाकत होती. पाना म्हणाला, "घाम आलाय तिला." त्याने फडक्याने पुसला.

१० नोव्हेंबर

ताईला फोन केला. झेंडा पार टेकडीवरून दिसला, आणि दिसताक्षणी भावोजी माझ्याकडे वळले, असं सांगितलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तू आहेस म्हणून बरं," म्हणाली. थोरल्या बहिणीने असं म्हणायला माणसाला साठी ओलांडावी लागते.

१५ नोव्हेंबर

उद्या प्रदर्शन. दिवसभर पायाला भिंगरी. छत्र्यांना बंदी केली, वाऱ्याने उडून कोणाच्या डोळ्यात जाईल. फुगे बंद, कुत्री बंद, काचेच्या बाटल्या बंद. लोखंडी खुर्च्यांचे पाय एकेक तपासले, एक डुगडुगत होती ती बाद केली. खड्ड्यांभोवती चुना टाकला. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं, म्हणून अध्यक्षांनी त्यांच्या खुर्च्या गर्दी अडवायच्या दोरीच्या बऱ्याच पुढे, धावपट्टीकडे सरकवल्या. मी हरकत घेतली. मग दोरीच पुढे सरकवली. सुरक्षेबाबत मी कोणाचं ऐकत नाही.

आता फक्त मावशीने उडायचं.

१७ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही.  आता घडलं ते घडलं तसं लिहितो.

गर्दी तोबा होती. मावशी उडाली, दोन फेऱ्या झकास झाल्या. मग भावोजींनी तिला उभी वर चढवली आणि कोलांटी घेऊन खाली आणली. त्यातून बाहेर येताना मागे एक काळी रेघ दिसली. अध्यक्ष लाऊडस्पीकरवर म्हणाले, "पाहा मंडळी, मावशीने आभाळावर सही केली." टाळ्या. ती सही नव्हती. जळक्या तेलाचा वास मला झोपेतही कळतो, आणि तो वास आला.  ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

मी झेंडा उचलला. मावशी तोवर पलीकडच्या टोकाला वळली होती, चाकं बाहेर येत होती. मी झेंडा हलवला. जोरात हलवला. खांदे निखळतील असा, दोन्ही हातांनी, ओरडत, उड्या मारत हलवला. भावोजींना तो दिसला, यात शंका नाही. चाकं परत आत गेली आणि मावशीने तोंड माझ्याकडे वळवलं.

मी आणखी जोरात हलवला.

ती खाली आली. आजवर इतकी खाली कधी आली नव्हती. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर तेलाचे थेंब पडले. भावोजींचा हात वर होता, तो मी पाहिला. लोक नाचत होते. आणि आम्हाला ओलांडून जरा पुढे गेल्यावर आवाज बंद झाला. इंजिनाचा आवाज एकदम बंद झाला. भावोजींनी तिला गर्दीपासून बाजूला वळवलं, कुंपणावरून नेलं आणि पलीकडच्या नांगरलेल्या शेतात ती आपटली. पेटली नाही. सगळ्यांत आधी पाना धावला. भावोजी जिवंत आहेत. पाठीचं हाड मोडलंय, दोन्ही पाय मोडलेत.

प्रेक्षकांत कोणाला खरचटलंही नाही. छत्र्या बंद केल्या होत्या ते बरं झालं.

रात्री घरी आलो तेव्हा हिने एवढंच विचारलं, "जोरात हलवलात ना?"

"जीव तोडून," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसता नळ चालू होता.

२० नोव्हेंबर

चौकशीला बाहेरचे दोन अधिकारी आले आहेत. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. धोका केव्हा दिसला? लगेच. मग काय केलंत? नियमाप्रमाणे लाल झेंडा दाखवला. त्यांनी माना डोलावल्या. त्यातला तरुण म्हणाला, असे प्रसंगावधान राखणारे लोक कमी असतात. सलामीचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. अध्यक्ष माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला, तो कशासाठी ते कळलं नाही.

मला मात्र एक कोडं पडलं आहे. झेंडा दिसला, तरी भावोजी उतरले का नाहीत? बहात्तराव्या वर्षी माणूस हट्टी होतो. ताईपुढे हे कोणत्या तोंडाने बोलायचं?

२४ नोव्हेंबर

आज भावोजींना बोलायची परवानगी मिळाली. रुग्णालयात गेलो. ताई चमच्याने त्यांना पाणी पाजत होती. कमरेखालचं त्यांना अजून काही जाणवत नाही. डॉक्टर 'अजून' म्हणतात, पण म्हणताना खाली बघतात.

मला पाहून भावोजी हसले. तसंच हसले, बैठकीत हसले होते तसं.

"काय सुरक्षाप्रमुख, पाहुण्यांचे कपडे निघाले का धुऊन?"

मी विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी विचारलं. "भावोजी, झेंडा दिसला होता ना?"

"दिसला म्हणजे? काचेवर तेलच तेल, समोरचं काही दिसेना. उजवीकडून जरा उघडं होतं, तिथून धावपट्टी धरली आणि म्हटलं, पुरे झालं, आता उतरायचं. चाकंसुद्धा काढली. तेवढ्यात तुझा झेंडा दिसला. सगळ्या मैदानात मला तेवढंच दिसत होतं. आणि काय हलवत होतास रे. उड्या काय मारत होतास. म्हटलं, गडी यंदा फारच खूश आहे. एवढ्या लोकांसमोर बोलावतोय आणि मी तसाच उतरलो, तर मेव्हण्याचं हसं होईल. म्हटलं, एक सलामी तर द्यायची, किती वेळ लागतो."

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"कसली सलामी?" तिने विचारलं.

भावोजींनी तिला सगळं सांगितलं. हौसेने सांगितलं. टोप्या उडतात तेही सांगितलं. "लाल झेंडा हलला की आपण खाली जायचं, अशी पद्धतच आहे आमची."

मी निघालो तर ताई माझ्या मागे बाहेर आली. लिफ्टपाशी उभे राहिलो. ती रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी हळू विचारलं,

"ती घंटेची गोष्ट तूच सांगायचास ना?"

मी लिफ्टचं बटण दाबलं.

"पिशव्या किती आहेत, असं विचारायचा तो वॉचमन. केवढी हसायचे मी त्याला."

लिफ्ट आली. मी आत गेलो नाही. सहा मजले जिन्याने उतरलो.

१ डिसेंबर

अहवाल आला. 'सुरक्षाप्रमुखांनी तत्परतेने व नियमानुसार धोक्याचा संकेत दिला.' अध्यक्षांनी लगेच फोन केला. माझा सत्कार ठरवलाय. शाल नको असेल तर घड्याळ देतो म्हणाले. पुढच्या वर्षीपासून सलामीला हिरवा झेंडा वापरायचा, असा ठरावही मंजूर झालाय. आणि मावशीबद्दल निराश व्हायचं कारण नाही. पाना म्हणतो की डावा पंख धडधाकट आहे.

मी सत्काराला नाही म्हटलं. अध्यक्षांना तो विनय वाटला.

मी गाढव आहे, इथे लिहून ठेवतो. मंडळाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे वाक्य जरूर घ्यावं. भावोजी उतरत होते. दिसत नसताना, तेल गळत असताना, सगळं कळून सवरून ते उतरत होते. त्यांना वर कोणी घेतलं असेल तर मी. काही न करता नुसता उभा राहिलो असतो, तर आज ते ताईच्या बशीबाहेर चहा सांडत बसले असते. हिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला त्या दिवशीच कळलं असेल." तेवढं बोलून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडलो.

११ जानेवारी

भावोजींना घरी आणलं. निजायच्या खोलीत खाट खिडकीपाशी लावली आहे. आता दिवसभर तिथेच. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येतं, कारण पडदे नाहीत.

मी झेंडा घेऊन गेलो होतो. कशासाठी ते मलाही सांगता येत नव्हतं. आपल्या घरात ठेववत नव्हता एवढं खरं. ताईने तो मांडीवर घेतला आणि मधली शिवण उसवायला बसली. दुहेरी टीप होती, वेळ लागत होता. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. पूर्ण माझी."

"तुझी आहेच," ती म्हणाली. मान वर केली नाही. "पण मी एवढा मोठा शिवायला नको होता रे. लहान असता तर त्यांना दिसलाच नसता."

 या वयात बहिणीच्या पायांशी जमिनीवर बसलो आणि तिने उसवलेले दोरे वेचत राहिलो.

संध्याकाळी दोन्ही पडदे पुन्हा दांडीवर चढले. ऊन अडलं. भावोजी म्हणाले, छान वाटतंय आता. मग वारा सुटला, खिडकी उघडी होती, पडदा फुगला आणि जोरजोरात हलायला लागला. भावोजींनी पडल्या पडल्या उशीवरून हात वर केला आणि सलाम ठोकला. थट्टेने की सवयीने, कोण जाणे. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पाहिलं.

मी उठलो आणि खिडकी लावून घेतली.